मीटर १२.६ दाखवतोय, मग बॅकअप का नाही?

"मीटर १२.६ व्होल्ट दाखवतोय, म्हणजे बॅटरी उत्तम आहे. बिघाड इन्व्हर्टरमध्येच असणार." ही समजूत घरोघरी आहे. लाइट गेल्यावर पंखा अर्ध्या तासात मान टाकतो, पण आकडा चांगला दिसतो म्हणून बॅटरीवर संशय घेतला जात नाही. स्वस्थ पडलेल्या बॅटरीचा व्होल्टेज फक्त ॲसिड किती तीव्र आहे ते सांगतो. प्लेटांचा किती भाग अजून कामाचा उरलाय, ते त्यातून कळत नाही. पाणी आटून ॲसिड दाट झालं, तर थकलेली बॅटरीसुद्धा झकास आकडा दाखवते.

आत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. गास्टन प्लांते यांनी १८५९ साली बनवलेल्या बॅटरीची रसायनक्रिया आजही तीच आहे. एका प्लेटवर सच्छिद्र शिसं असतं, दुसऱ्या प्लेटवर शिशाचा डायऑक्साइड आणि मध्ये सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. या सल्फेटला मूळ शिशाच्या अडीचपटीहून जास्त जागा लागते. म्हणजे प्रत्येक वापरात प्लेट फुगते आणि चार्जिंगमध्ये आक्रसते. त्यातून धन, म्हणजे डायऑक्साइडच्या, प्लेटवरचा माल सैल होतो आणि गाळ बनून तळाशी बसतो. ट्यूब्युलर बॅटरीत तो विणलेल्या नळ्यांत भरलेला असल्यामुळे जास्त काळ टिकून राहतो.

सल्फेटचे ताजे स्फटिक अगदी बारीक असतात. चार्जिंगमध्ये आधी ते विरघळतात आणि मग त्या आयनांचं (विद्युतभारित कणांचं) एका प्लेटवर पुन्हा शिसं आणि दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड होतो. पण बॅटरी अर्धवट भरलेली पडून राहिली, तर बारीक स्फटिक विरघळून मोठ्यांवर जाऊन बसतात, कारण लहान कणाची विद्राव्यता मोठ्या कणापेक्षा जास्त असते. मोठ्या स्फटिकाचं पृष्ठफळ त्याच्या आकारमानाच्या मानाने थोडं असतं, म्हणून तो इतका सावकाश विरघळतो की चार्जर दमतो. शिवाय सल्फेट विजेचा वाहक नाही. प्लेटचा तेवढा भाग कायमचा बाद होतो आणि उरलेला छोटा भाग झटपट भरतो. त्यामुळे पूर्वीपेक्षा लवकर 'फुल' होणारी आणि तितक्याच लवकर संपणारी बॅटरी बदलायला आलेली असते.

अशा बॅटरीत 'टॉनिक' घालायचे सल्ले सर्रास मिळतात. अमेरिकेत एडी-एक्स-टू नावाची अशीच एक पूड विकली जायची, मुख्यतः मॅग्नेशियम आणि सोडियम सल्फेटची. राष्ट्रीय मानक संस्थेने ती निरुपयोगी ठरवली, तेव्हा १९५३ मध्ये संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांनाच राजीनामा द्यायला सांगण्यात आलं. शास्त्रज्ञ खवळले, ॲस्टिन पदावर राहिले आणि विज्ञान अकादमीच्या समितीनेही संस्थेचाच निष्कर्ष उचलून धरला. तरीही पुड्या विकणारे आजही आहेत, याची मला चीड येते.

खरी परीक्षा लोडवरच होते. बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवावी आणि हायड्रोमीटरने सहाही सेलची, म्हणजे बॅटरीतल्या सहा कप्प्यांची, ग्रॅव्हिटी (पाणी १००० धरून ॲसिडची घनता) पाहावी. पाच सेल १२४० आणि एक ११८० असेल, आणि जादा चार्जिंगनंतरही फरक भरून निघत नसेल, तर तो सेल गेला. मग मेन स्विच बंद करून ठरावीक पंखे-दिवे लावावेत आणि किती वेळ चालतात ते टिपून ठेवावं. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की आयुष्य संपलं, असा उद्योगातला संकेत आहे. घरी त्याखालीही काही काळ निभावतं, पण पुढची घसरण वेगाने होते.

गोल्फ कार्टमध्ये असा एखादा अशक्त सेल जास्त जाचतो. तिथे ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकामागे एक जोडून ४८ व्होल्ट मिळवतात. सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो, पण बाकीचे त्यातून प्रवाह ढकलतच राहतात आणि त्याची ध्रुवता उलटते, म्हणजे धन-ऋण टोकांची अदलाबदल होते. चढावर गाडी रेंगाळू लागली, तर चढतानाच प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज मोजावा. ज्या बॅटरीचा आकडा इतरांपेक्षा जास्त कोसळतो, ती दोषी. संच नवा असेल तर तेवढी एकच बदलावी. जुना असेल तर सहाही बदलाव्यात, कारण एक नवी आणि पाच थकलेल्या असा संच एकसारखा चार्ज होत नाही.