चाळीस टॅबलेट, एक राउटर आणि वर्गातली हवा

"नेट स्लो आहे, प्लॅन वाढवायला पाहिजे." शाळेत टॅबलेट आले की महिन्याभरात हे वाक्य ऐकू येतंच. मी ज्या वर्गात ते ऐकलं तिथे ४० मुलं होती, प्रत्येकाच्या हातात टॅबलेट, बाईंनी सांगितलं "सगळ्यांनी पाठ उघडा", आणि ४० पडद्यांवर ते गोल गोल फिरणारं चक्र. मागच्या बाकावरची एक मुलगी टॅबलेट डोक्यावर धरून उभी राहिली, सिग्नल वरून येतो या विश्वासाने. पाच मिनिटांनी बाईंनी खडू उचलला. मला "कॉम्प्युटरमधलं कळतं" म्हणून बोलावलेलं, तोवर शाळेचा प्लॅन ५० एमबीपीएसचा (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट) २०० करून झाला होता आणि चक्र तसंच फिरत होतं.

गंमत म्हणजे राउटर बसवणारा माणूस संध्याकाळी येऊन स्पीड टेस्ट करून गेला होता, आकडा झकास आलेला. पण रिकामा वर्ग आणि एक फोन! एकच माणूस असलेल्या खोलीत गोंगाट होतो का हे तपासण्यासारखंच झालं हे. शिवाय वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात बऱ्यापैकी शोषल्या जातात, आणि माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, त्यामुळे ४० मुलं बसली की मागच्या कोपऱ्यातला सिग्नल तेवढ्यानेही पडतो.

पण मुख्य भानगड वेगळीच आहे आणि ती मला प्रचंड आवडते म्हणून आता जरा तिच्यातच रमणार आहे.

वायर असली की तुमची वायर तुमची. वायफायमध्ये वायर नाही, हवा आहे आणि ती सगळ्यांची एकच. एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका ठरलेल्या वाटेवर, एका वेळी एकानेच बोलायचं, राउटर धरून. दोघं एकदम बोलले की दोन्ही सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि बहुतेक वेळा कुणाचंच धड कळत नाही. आता ४० टॅबलेटमध्ये कुणी कधी बोलायचं हे ठरवणार कोण? साध्या वायफायमध्ये कुणीच नाही! वर्गाचा मॉनिटर नाही, हजेरीपट नाही. सगळं चालतं ते शिस्तीवर आणि नशिबावर.

हा प्रश्न जुना आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि मंडळींनी बेटाबेटांवरची टर्मिनलं रेडिओने एका कॉम्प्युटरला जोडली, नाव अलोहानेट. नियम एकदम बिनधास्त: बोलायचंय ना, बोल. पोच आली नाही तर समज टक्कर झाली, थोडा वेळ थांब आणि परत बोल. गणित केलं तर अशा बेशिस्तीत चॅनेलचा फार तर १८ टक्के वेळ कामी येतो, बाकीचा टकरीत नाहीतर शांततेत जातो. नुसतं "ठरलेल्या ठोक्यावरच बोलायला सुरुवात करा" असं सांगितलं तर तो दुप्पट होऊन ३७ टक्क्यांवर जातो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस तेच डोक्यात होतं.

वायफायचं पहिलं मानक १९९७ मध्ये आलं, त्यात एक शहाणपण जास्त आहे: बोलण्याआधी ऐक. आकडे पुढच्या वेगवान वायफायचे सांगतो: हवा २८ मायक्रोसेकंद शांत असली पाहिजे. मग लगेच बोलायचं नाही, कारण सगळेच त्या शांततेची वाट बघत बसलेत. प्रत्येकाने मनातल्या मनात ० ते १५ मधला एक आकडा धरायचा आणि ९ मायक्रोसेकंदाला एक या वेगाने उलटा मोजायचा. ज्याचा शून्य आधी येईल तो बोलणार, बाकीच्यांनी मोजणी तिथेच थांबवायची आणि त्याचं झालं की पुढे चालू करायची. बोलताना टक्कर झाली का हे कळत नाही, कारण स्वतः बोंबलत असताना कोपऱ्यातली कुजबुज कशी ऐकू येणार? म्हणून समोरून पोच यावी लागते. नाही आली तर टक्कर धरायची आणि पुढचा आकडा ० ते ३१ मधून निवडायचा, परत आपटलो तर ० ते ६३, असं करत १०२३ पर्यंत.

आता वर्गात या. बाई म्हणाल्या "उघडा" आणि ४० जणांनी एकदम ० ते १५ मधला आकडा धरला. १६ आकडे आणि ४० डोकी! सगळ्यात लहान आकडा नेमका एकाचाच असेल तरच पहिला निरोप नीट जाणार. मी कागदावर मांडून बघितलं. दोघंच असतील तर टक्कर १६ मध्ये एकदा. दहा असतील तर साधारण चारात एकदा. आणि ४० असतील तर पाचात जवळजवळ चार वेळा पहिलाच डाव फुकट जातो. मग आकड्यांची रेंज वाढत जाते, टकरी कमी होतात, पण वाट बघणं वाढतं. त्यात राउटरलाही याच खेळात आपला आकडा धरावा लागतो, आणि पाठ, चित्रं, व्हिडिओ हे सगळं तर त्यालाच पाठवायचंय! तुमच्या २०० एमबीपीएसचा माल दारापर्यंत येऊन पडलाय आणि आत वाटणारा ४१ जणांच्या गर्दीत एक होऊन उभा आहे.

अजून एक खोच आहे, इथे थोडं गणित आहे, नको असेल तर पुढच्या परिच्छेदावर जा. वायफाय सगळ्यांना सारख्या *पाळ्या* देतं, सारखा *वेळ* नाही. १५०० बाइटचं एक पॅकेट, माहितीचं एक पुडकं, म्हणजे १२,००० बिट. ५४ एमबीपीएसने बोलणारा टॅबलेट ते २२२ मायक्रोसेकंदात उरकतो. लांब बसलेला किंवा जुना टॅबलेट सिग्नल कमकुवत म्हणून ६ एमबीपीएसवर उतरतो, त्याला त्याच पॅकेटला २००० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे नऊ पट, आणि तेवढा वेळ बाकी सगळे गप्प. शुद्धलेखन घालताना सगळ्यात हळू लिहिणाऱ्यासाठी अख्खा वर्ग थांबतो ना, अगदी तसंच. त्यामुळे कोपऱ्यातले दोन जुने टॅबलेट बंद केले आणि बाकी ३८ सुसाट झाले असं खरंच होतं, आणि लोकांना वाटतं जादू झाली.

जादूवरून आठवलं, त्याच शाळेत प्रत्येक टॅबलेटच्या पाठीवर "रेडिएशन शोषणारा" सोनेरी स्टिकर होता. अहो, तो खरंच काही शोषत असता तर आधीच रडणारा सिग्नल पूर्ण मेला असता! वायफायच्या एका फोटॉनची, म्हणजे लहरीतल्या ऊर्जेच्या सगळ्यात छोट्या पुडीची, ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचं एक चिमुकलं माप) एक लाखाव्या भागाएवढी असते, रेणूतला बंध तोडायला काही इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे काही लाख पट कमी पडतेय. मुलांचे डोळे आणि झोप यांची काळजी करा, त्यांना पडदा त्रास देतो, पण स्टिकरवर पैसे घालवू नका. आणि दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात टॅबलेट आले आता पुस्तकं गेली. १९१३ मध्ये एडिसनही म्हणाला होता की सिनेमामुळे शाळेतली पुस्तकं लवकरच बाद होतील. शंभर वर्षं उलटून गेली, दप्तराचं वजन कमी झालं का?

तर मग करायचं काय. स्मार्ट बोर्ड आणि बाईंचा कॉम्प्युटर जागचे हलत नाहीत, त्यांना वायर द्या, तेवढेच दोन भिडू कमी. सगळ्यांनी एकच व्हिडिओ बघायचा असेल तर ४० टॅबलेटवर कशाला? मध्यम दर्जाच्या व्हिडिओला साधारण २ एमबीपीएस धरले तरी ४० वेळा तोच व्हिडिओ म्हणजे ८० एमबीपीएस हवेतून, त्यापेक्षा बोर्डवर एकदा लावा, मुलं एकत्र हसतात तरी. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा, त्या लहरी भिंतीतून कमी जातात ही तक्रार असते पण शाळेत ते वरदानच आहे, शेजारच्या वर्गाचा गोंगाट शेजारीच राहतो. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि एका मजल्यावर आठ वर्ग असले की काय होणार ते तुम्हीच बघा. पाठाचं साहित्य आधीच उतरवून शाळेतल्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर ठेवता येतं, कोलिब्री आणि किविक्स ही फुकट सॉफ्टवेअर त्याचसाठी आहेत, अख्खा विकिपीडिया नेट नसताना चालतो. त्याने बाहेरच्या लाइनचा प्रश्न सुटतो, हवेतल्या गर्दीचा नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

वायफायच्या सहाव्या पिढीत, म्हणजे वायफाय ६ मध्ये, राउटर स्वतःच मॉनिटर होतो, २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलचे नऊपर्यंत तुकडे करून एकाच वेळी नऊ जणांना बोलू देतो. फक्त टॅबलेटलाही ते यावं लागतं, जुन्या टॅबलेटसमोर नवा राउटर जुन्यासारखाच वागतो, हे विकणारा सांगत नाही.

आम्ही त्या वर्गात शेवटी काहीच विकत घेतलं नाही. बाईंना सांगितलं, "उघडा" एकदम म्हणू नका, रांगेरांगेने म्हणा, मध्ये वीस सेकंद जाऊ द्या. ठरलेल्या ठोक्यावर बोलणारं अलोहा, फक्त ठोका बाईंचा. पहिली रांग उघडली, दुसरी उघडली, चौथ्या रांगेतल्या एकाला धीर धरवेना, त्याने आधीच बटण दाबलं आणि बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की बास.