रीमास्टर घेताय की रीमिक्स?

रीमिक्स म्हटलं की आपल्याकडे अजूनही जुन्या हिंदी गाण्यांना धमधम ठोके चिकटवलेल्या त्या सीड्या आठवतात. त्यामुळे ‘डीप पर्पलचा रीमिक्स ऐक’ म्हटलं की माणूस कान झाकतो आणि ‘रीमास्टर्ड’ असा स्टिकर दिसला की डोळे झाकून पैसे मोजतो. दोन्ही चूक.

रीमास्टर सगळ्यांना ठाऊक आहे. तयार स्टिरिओ टेप घ्यायची, खरखर कमी करायची, बास-ट्रेबल सावरायचं, पातळी जुळवायची. झालं.

घोळ होतो तो त्या टेपच्या आधीच्या टेपपाशी. डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा ‘मशीन हेड’ हा अल्बम डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या एका हॉटेलात, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ दारात उभा करून, 16 ट्रॅकवर रेकॉर्ड झाला. ड्रम, बास, ऑर्गन, ब्लॅकमोरची गिटार, गिलनचा गळा, सगळं सुटं सुटं. कोण डावीकडे, कोण मधे, कोण किती मोठ्याने हे ठरवून ते दोन चॅनलमध्ये बसवणं म्हणजे मिक्स. रीमिक्स करणारा त्या सुट्या ट्रॅककडे परत जातो; रीमास्टर करणाऱ्याच्या हाती फक्त ते दोन चॅनल असतात. शिजलेल्या आमटीत वरून मीठ घालता येतं, पण जास्त पडलेला गूळ काढता येत नाही. त्यासाठी पुन्हा डाळ शिजत घालावी लागते.

आता हेडफोन लावा. गायक उजव्या कानातून मधे आला, किंवा ऑर्गन होता तिथेच राहून फक्त गिटार पुढे आली, तर तो रीमिक्स. सगळे जागच्या जागी, फक्त काच पुसल्यासारखं स्वच्छ, तर रीमास्टर. आणि नुसतंच मोठ्याने वाजत असेल तर बहुधा वाईट रीमास्टर! तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करा, नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटतं. (180 ग्रॅमच्या तबकडीचं कौतुक मला सांगू नका. वजनावरून मिक्स कळत नाही.)

1997 साली ‘मशीन हेड’ दोन सीड्यांत आला: एकीवर बँडचाच बासवादक रॉजर ग्लोव्हरचा रीमिक्स, दुसरीवर जुनाच मिक्स रीमास्टर करून. फरक शिकायला याहून चांगला संच नाही. रोज ऐकायला मी जुना मिक्सच लावतो. जेथ्रो टल या बँडच्या ‘ॲक्वालंग’चं मात्र उलट. 1971 चा मूळ मिक्स इतका कोंदट, की कितीही रीमास्टर करा, तो मळभच राहतो. स्टीवन विल्सनचा 2011 चा रीमिक्स घ्या, बाकीचे विसरा.

बीटल्सच्या ‘रबर सोल’ची गंमत वेगळीच. 2009 च्या स्टिरिओ सीडीवर ‘रीमास्टर’ लिहिलंय आणि ते खोटं नाही. पण रीमास्टर केलाय तो त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिनने 1987 च्या सीडीसाठी केलेला रीमिक्स. 1965 चा स्टिरिओ मिक्स हवा असेल तर तो 2009 च्या मोनो संचात जोडून दिलाय. होय, मोनो म्हणजे एकाच चॅनलच्या संचात.

सगळ्यात जास्त चिडचिड झेडझेड टॉप या अमेरिकन रॉक बँडच्या बाबतीत होते. 1987 मध्ये त्यांचे सत्तरीतले अल्बम ऐंशीच्या दशकातले ड्रम घालून रीमिक्स झाले. मी ‘ट्रेस होम्ब्रेस’ची तशी सीडी एका दुकानातून ‘रीमास्टर आहे’ या भरवशावर आणली होती. पहिल्याच ठोक्याला ड्रम बाथरूममध्ये ठेवल्यासारखा! लोक अजून म्हणतात, ‘रीमास्टर बिघडलाय.’ अहो, तो रीमास्टर नव्हेच. 2006 ची सीडी घ्या, तिच्यात 1973 चा मिक्स परत आलाय.

रॉक गायक ऑझी ऑस्बोर्नच्या ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ची 2002 ची आवृत्ती तर दोन्हींत बसत नाही. तिच्यात बास आणि ड्रम दुसऱ्याच वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेत. स्वस्तात मिळाली तरी नको, 2011 ची शोधा.