गोल्फ खेळणाऱ्या सभासदांसाठी : वजन उचलावे, त्याचा स्विंग करू नये

आमच्या केंद्रात गोल्फसाठी नाव नोंदवलेले बहुतेक सभासद साधारण तिसऱ्या आठवड्यात एकच प्रश्न विचारतात : डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे), स्क्वॉट (वजन घेऊन बैठका) हे सगळे ठीक आहे, पण गोल्फचा व्यायाम कधी सुरू होणार? त्यांच्या मनातला गोल्फचा व्यायाम म्हणजे दोन्ही हातांत डंबेल धरून किंवा केबल मशीनची मूठ ओढून केलेला स्विंग, म्हणजे चेंडू मारताना क्लब फिरवतात तशी हालचाल. तो आम्ही शिकवत नाही, आणि कोणी करताना दिसल्यास आमचे प्रशिक्षक येऊन हातातले वजन मागून घेतात. काहींना हे अपमानास्पद वाटते, म्हणून त्यामागचे कारण येथे सविस्तर देत आहोत.

ड्रायव्हरचे, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबचे, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास असते आणि चांगल्या खेळाडूचा डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून चेंडूपर्यंत आणणे, सुमारे पाव सेकंदात संपतो. तेवढ्या वेळात पाय जमिनीला रेटतात, आधी खुबे वळतात, त्यामागून छाती, मग हात आणि सर्वांत शेवटी क्लबचे डोके येते. हा क्रम जितका नेटका, तितका चेंडू लांब जातो. आता त्याच हातांत पाच किलोचा डंबेल आला, म्हणजे ड्रायव्हरच्या पंधरा-सोळा पट वजन आले, की शरीर आधी ते सावरायला धावते. खांदे आखडतात, मनगटे घट्ट होतात, हात पुढे निघतात आणि खुबे मागे राहतात. शिवाय डंबेल आपल्याला सरळ जमिनीकडे ओढतो, वळण्याच्या दिशेला फारसा विरोध करत नाही. त्यामुळे ज्या स्नायूंना ताण हवा होता ते जवळजवळ मोकळेच राहतात. त्यातच तो हातातून सोडता येत नाही, म्हणून हालचालीचा उत्तरार्ध त्याला थांबवण्यातच खर्ची पडतो. वेग वाढवायला आलेला माणूस अशा रीतीने रोज ब्रेक लावण्याचा सराव करून घरी जातो.

केबल मशीनवर ओढ निदान योग्य दिशेने बसवता येते. छातीचे वळण समजावे म्हणून हलक्या प्लेटवर, सावकाश, आम्हीही ते वापरतो. मात्र सभासद एकटे असले की प्लेट वाढत जाते आणि मग सगळे काम हातच करू लागतात, असा आमचा अनुभव आहे. रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, वापरतात ती क्लबपेक्षा किंचित हलकी किंवा जड काठी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे फरक काही ग्रॅमचा असतो आणि काठी पूर्ण वेगाने फिरवता येते. तिला आमचा आक्षेप नाही.

या चुकीची किंमत वाया गेलेल्या वेळेच्या रूपात मोजावी लागते. आमचे एक ज्येष्ठ सभासद व्हिडिओ पाहून घरी महिनाभर डंबेलचा स्विंग करत होते. कोपराच्या आतल्या बाजूला दुखणे सुरू झाले, आणि त्यानंतर सहा आठवडे त्यांना बारबेल सोडाच, भरलेली पिशवीही नीट धरता येत नव्हती. पाठीचे तर अधिकच नाजूक असते, कारण कमरेचे मणके मुळातच फार थोडे वळतात. वळण खुब्यांतून आणि पाठीच्या वरच्या भागातून यायला हवे. ते तिथून येत नसेल तर त्याची भरपाई कंबर करते, आणि हातातल्या वजनाने तो भार आणखी वाढतो.

म्हणूनच आम्ही ताकद आणि कौशल्य वेगवेगळे ठेवतो. पाय, खुबे आणि पाठ यांची ताकद डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि रोइंगने वाढते. वेगासाठी दोन ते चार किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) भिंतीवर फेकायला देतो, कारण तो सोडता येतो, थांबवावा लागत नाही. आणि स्विंग आपल्या प्रशिक्षकाकडे, क्लब हातात घेऊनच शिकावा. स्नायू वाढले की स्विंग बिघडतो, ही शंका जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेचे गोल्फपटू गॅरी प्लेअर वजने उचलत तेव्हा त्यांनाही हेच ऐकवले जाई. तरीही १९६५ साली, वयाच्या २९व्या वर्षी, गोल्फच्या चारही मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धा त्यांच्या नावावर झाल्या होत्या. अमेरिकेचे गोल्फपटू ब्रायसन डिशॅम्बो यांनी शरीर कमावून २०२० ची यूएस ओपन ही मेजर स्पर्धा जिंकली, हे उदाहरण सभासद हौसेने देतात. त्यांनी वाढवलेली ताकद चेंडूत उतरवण्यासाठी ड्रायव्हरच पूर्ण वेगाने फिरवला, हे त्यात सांगायचे राहून जाते. शिवाय ते तेव्हा २७ वर्षांचे होते. आमचे बहुतेक सभासद पन्नाशी ओलांडलेले आहेत आणि सोमवारी त्यांना कार्यालयात जायचे असते.

जुलैमध्ये पुण्यात आमच्याकडे चौकशी वाढते, कारण ओल्या फेअरवेवर, म्हणजे मैदानाच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, चेंडू पडतो तिथेच रुततो आणि पंचवीस-तीस यार्ड अंतर कमी झाल्यासारखे वाटते. ती आपली ताकद गेलेली नसते. तरीही ताकद वाढवायला पावसाळा फार सोयीचा आहे : खेळ कमी होतो, स्पर्धा विरळ असतात आणि मैदाने कोरडी होईपर्यंत बारा आठवड्यांचा क्रम पुरा होतो. रविवारी सकाळी खेळणाऱ्यांनी पायांचे जड व्यायाम मंगळवारी आणि गुरुवारी करावेत, शनिवारी करू नयेत.

आमच्या एका तुकडीत चारच जण असतात, त्यामुळे शुल्क शेजारच्या जिमपेक्षा जास्त आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पहिल्या भेटीत तासभर खुब्यांची व पाठीची हालचाल तपासली जाते आणि त्यावरूनच वजने ठरतात. रक्तदाबाचा किंवा सांध्यांचा त्रास असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊन यावे. घरी डंबेलचा स्विंग सुरू असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे; त्यासाठी आम्ही वेगळे शुल्क घेत नाही.