काकूंचे साडेसतरा सेकंद

"मी काय शर्यतीत धावतेय का रे?" काकू चिडल्याच. आमच्यातला एकजण मोबाइलवर त्यांचा वेळ मोजत होता आणि ते त्यांच्या लक्षात आलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या काकू रोज सकाळी काठी टेकत सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातात. वाटेत शाळेसमोरचा चार पदरी रस्ता लागतो. एक पदर साडेतीन मीटरचा, म्हणजे सगळा मिळून 14 मीटर. काकूंना लागले साडेसतरा सेकंद, म्हणजे सेकंदाला 80 सेंटीमीटर.

पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नलची वेळ ठरवताना अभियंते साधारणपणे सेकंदाला 1.2 मीटर चाल धरतात. त्या हिशेबाने हा रस्ता 12 सेकंदांत पार व्हायला हवा. बाराव्या सेकंदाला काकू तिसऱ्या पदरात असतात.

आम्ही म्हणजे सोलापुरातल्या एका शाळेच्या आसपास राहणारे सात-आठ जण. मी निवृत्त शिक्षक, चादरीच्या कारखान्यात दुपारपाळीला जाणारा एकजण, दोन मुलांच्या आया आणि कॉलेजची पोरं. शाळा भरताना आणि सुटताना कडेला उभं राहून मुलांना पलीकडे न्यायचं, एवढंच ठरलं होतं. शिट्ट्या आणल्या, पिवळी जॅकेटं आणली. महिनाभरात कळलं की आपण उभे असतो तोवर गाड्या दबकतात. चहाला गेलो की रस्ता पुन्हा होता तसा. शिवाय गाडी अडवण्याचा अधिकार पोलिसांचा. आमच्या हाताला कुणी मान दिला तर दिला. मग शिट्टीबरोबर एक वही आली.

सिग्नल नसेल तिथे माणूस दोन गाड्यांमधल्या फटीतून पलीकडे जातो. गाड्या आपापल्या मर्जीनं, कशाही येत असतील तर या फटींचं गणित प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्रानं मांडता येतं. 1936 साली ॲडम्स नावाच्या ब्रिटिश अभियंत्यानं ते रस्त्यावर लावून पाहिलं होतं. समजा दोन्ही बाजू मिळून मिनिटाला 10 गाड्या येतात, म्हणजे सरासरी 6 सेकंदांना एक. सकाळी साडेदहाला आमच्याकडे याहून जास्तच असतात. तरी एवढ्यावरसुद्धा साडेसतरा सेकंदांहून मोठी फट 100 पैकी जेमतेम 5 वेळा मिळते. धडधाकट माणसाला, 12 सेकंदांपेक्षा किंचित कमी लागत असतील तर, 14 वेळा. चालीतला फरक दीडपट आणि संधीतला जवळजवळ तिप्पट.

आता रस्त्याच्या मधोमध जो दुभाजक आहे तोही हिशेबात घ्या आणि त्यावर टेकायला जागा आहे असं धरा. काकूंना एका दमात 7 मीटरच जायचंय, पावणेनऊ सेकंद. एका बाजूच्या गाड्याही निम्म्या, 12 सेकंदांना एक. हवी तेवढी फट आता 100 पैकी 48 वेळा मिळते. 5 चे 48! हे उत्तर आलं तेव्हा मी दोनदा पडताळलं. काकू त्याच, गाड्या त्याच, वर मान एकाच बाजूला वळवायची.

खऱ्या रस्त्यावर गाड्या इतक्या विस्कळीत येत नाहीत, हेही खरं. मागच्या चौकातला सिग्नल सुटला की झुंड येते, मग थोडा वेळ सामसूम. ही सामसूम पोरांना आधी कळली. "सर, झुंड जाऊ द्या" हा शब्दप्रयोग चौथीतल्या एका मुलाचा आहे.

वेग मोजताना मात्र आम्ही फसलो. फक्कीनं रस्त्याच्या कडेला दोन खुणा केल्या, अंतर 20 मीटर. गाडी पहिल्या खुणेवर आली की घड्याळ सुरू, दुसरीवर बंद. 72 ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर. एका रिक्षावाल्यानं थांबून विचारलं, "काय करायलाव ओ सर? रस्ता विकायलाव का?" वही दाखवली तर त्यात एकाच दुचाकीचे दोघांनी घेतलेले दोन वेग: 40 आणि 45. अंगठ्याची चूक होती. ताशी 40 नं 20 मीटर जायला 1.8 सेकंद लागतात, बोट 0.2 सेकंद लवकर पडलं की उत्तर 45 येतं. खुणा 50 मीटरवर नेल्या आणि 180 ला भागायला लागलो, तशी तीच चूक दोनेक किलोमीटरवर आली. 100 गाड्या झाल्या की वेग चढत्या क्रमानं लिहायचे आणि 85 वा आकडा बघायचा. रस्त्याचे अभियंते हाच आकडा विचारतात. सरासरीत मधलेच लोक दिसतात, आम्हाला घाई असलेले बघायचे होते.

वेगातल्या थोड्या फरकानं एवढं काय होतं? चालकाला काही दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत 1 सेकंद धरू. ताशी 30 ची गाडी त्या सेकंदात 8 मीटरांहून थोडी जास्त जाते, पुढे कोरड्या डांबरावर आणखी 5 मीटर घासत थांबते. ताशी 50 ची गाडी नुसत्या त्या एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर जाते. आता साडेतेरा मीटरवर एक मूल रस्त्यात आलं. पहिली गाडी त्याच्या पुढ्यात थांबलेली असते, दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाच नसतो. ताशी 50 ची धडक म्हणजे जवळजवळ 10 मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकी. देशात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी होती.

आमच्या शाळेच्या फाटकाशी भाजीचा एक टेम्पो उभा असायचा. त्याच्या आडून मूल बाहेर येईपर्यंत गाडीवाल्याला ते दिसणारच नाही, हे मालकाला तोंडानं सांगून पटेना. मग त्याला कडेला एका दुचाकीवर बसवलं आणि त्याच्याच टेम्पोमागे एक मुलगा उभा केला.

"कुठाय पोरगं?"

"तेच विचारायलोय," आमचा कारखान्यातला गडी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो पुढच्या झाडाखाली गेला. चुना नाही, सिमेंट नाही, अर्ज नाही. महिनाभराच्या शिट्ट्यांपेक्षा हे एक काम मला मोठं वाटतं.

मुलांची नजर हा वेगळाच विषय. समोरून येणारी वस्तू डोळ्यात किती भरभर मोठी होते, त्यावरून मेंदू वेग ओळखतो. लंडनच्या रॉयल हॉलोवे संस्थेतल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की प्राथमिक शाळेतल्या मुलांत ही जाण कच्ची असते. ताशी 30 च्या वर वेगानं येणारी गाडी त्यांना जागच्या जागी उभी वाटू शकते. तेव्हा "बघून जा रे" हा सल्ला त्या वयाला पुरत नाही. मूल बघतंच, पण त्याला गाडी येताना दिसत नाही.

मधे काही उत्साही मंडळींनी स्वतःच सिमेंट ओतून स्पीड ब्रेकर करायचा घाट घातला होता. ते मी हाणून पाडलं आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकातला उंचवटा गाडीच्या दिशेनं 3.7 मीटर लांब आणि फक्त 10 सेंटीमीटर उंच असतो. गल्लीतला उंचवटा उंचीला तेवढाच, पण त्याच दिशेनं जेमतेम हातभर होतो, रात्री दिसत नाही. सोलापूर दुचाक्यांचं गाव, पडणार तो आपलाच कोणीतरी.

सकाळी तयार बिड्या घेऊन कारखान्याकडे निघालेल्या बायका दहा-बाराच्या घोळक्यानं रस्ता ओलांडतात. त्यांना कुणी शिकवलेलं नाही. जिथे चालणारे जास्त, तिथे एकेका चालणाऱ्याचा धोका कमी असतो, हे जेकबसेन या संशोधकानं 2003 मध्ये निरनिराळ्या शहरांचे आकडे घेऊन मांडलं. संक्रांतीत गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांमागे माणसं लोटतात तेव्हा मोठमोठ्या गाड्याही गोगलगाय होतात, हे आपण दरवर्षी बघतोच. आम्हीही मुलांना एकेक सोडायचं बंद केलं. दहा जमेपर्यंत थांबवायचं, मग झुंड जाऊ द्यायची आणि एकदम न्यायचं.

आमच्या दुभाजकात जायला वाट आहे, पण ती फाटकापासून 200 पावलं लांब. काकू तेवढं चालत नाहीत. गुडघ्याएवढ्या कठड्यावरून काठी आधी पलीकडे ठेवतात, मग एक पाय, मग दुसरा. त्याला 6 सेकंद लागतात. साडेसतरामध्ये ते धरलेले नव्हते. फाटकासमोर तीन हात रुंद वाट करून द्या, असा अर्ज आकड्यांसकट दिलाय. पोच मिळाली आहे. वही चालू आहे. तो रिक्षावाला आता फक्कीच्या खुणा ओलांडल्यावर मान बाहेर काढून विचारतो, "सर, माझं किती आलं?"