नेत्रथेंबांची सौम्यता आणि औषधशोषण

डोळ्यात घालायचे औषध न झोंबता आत पोहोचावे म्हणून थेंबांची घडण कशी करावी आणि त्यातले किती खरोखर पोहोचले हे कसे मोजावे, हा औषधनिर्माणशास्त्रातील अभ्यासविषय. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण थेंब झोंबला की डोळ्यांतून पाणी येते आणि औषधही त्याबरोबर वाहून जाते.

डोळ्याच्या पृष्ठभागावर एरवी जेमतेम ७ मायक्रोलिटर अश्रू असतात. बाटलीतला थेंब मात्र ३० ते ५० मायक्रोलिटरचा. जादा द्रव गालावर ओघळतो किंवा अश्रुनलिकेतून नाकात उतरतो. थेंबानंतर घशाला कडू लागते ते यामुळेच. काचबिंदूवरचे टिमोलॉल या वाटेने रक्तात गेले तर दमेकऱ्याला धाप लागू शकते. म्हणून थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा थोडा वेळ दाबून धरायला सांगतात. इतके करूनही डोळ्याच्या आत सहसा ५ टक्क्यांहून कमी औषध जाते.

अश्रूंचा सामू ७.४च्या आसपास असतो. काचबिंदूवरच्याच पिलोकार्पिनसारखे औषध आम्लधर्मी द्रावणातच टिकते, पण असे द्रावण झोंबते. त्यावर उपाय म्हणजे बफर, म्हणजे द्रावणाचा सामू सहज बदलू न देणारा घटक, सौम्य ठेवणे. मग अश्रू त्याचा सामू चटकन सावरून घेतात.

खरा पेच परिरक्षकाचा. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हा परिरक्षक बाटलीत जंतू वाढू देत नाही, मात्र दीर्घ वापरात अश्रूंचा थर विस्कटवतो आणि कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याच्या, पेशींना इजा करतो. त्या पेशींचे सांधे सैल करून तोच काही औषधांना आतही शिरू देतो! त्यामुळे तो वगळला की शोषण पुन्हा तपासावे लागते. लॅटानोप्रोस्ट या काचबिंदूवरच्या औषधाची युक्ती निराळी: ते एस्टर या स्निग्धात विरघळणाऱ्या रूपात कॉर्नियाचा स्निग्ध थर ओलांडते आणि तिथली विकरे त्याचे क्रियाशील औषध बनवतात.

मोजमापासाठी सशाच्या डोळ्यातले नेत्रजल (कॉर्नियामागचा द्रव, अश्रू नव्हे) तपासतात, पण ससा क्वचितच पापणी मिटतो. त्यामुळे औषध डोळ्यावर जास्त वेळ राहते आणि आकडे फुगतात. माणसांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही संधी ठरते. रुग्णाच्या संमतीने आधी ठरलेल्या वेळी थेंब घालतात, शस्त्रक्रियेच्या सुरुवातीला सुमारे ०.१ मिलिलिटर नेत्रजल काढतात आणि त्यातले औषध वस्तुमान वर्णपटमापकाने (रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखून मोजणाऱ्या यंत्राने) मोजतात. एका डोळ्यातून एकाच क्षणाचा आकडा मिळतो, म्हणून शोषणाचा आलेख अनेक रुग्णांच्या नमुन्यांतून जुळवावा लागतो.

दाह तपासण्यासाठी १९४४पासून रूढ झालेल्या, सशांच्या डोळ्यात पदार्थ घालून पाहण्याच्या ड्रेझ चाचणीची जागा आता बऱ्याच अंशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या थरांनी घेतली आहे. त्यांत चेतातंतू नसतात, तेव्हा थेंब झोंबतो का, हे शेवटी तो घालणाऱ्यालाच विचारावे लागते.