पडणाऱ्या वस्तूंवरील विरोधी बले

हवेतून किंवा द्रवातून खाली पडणाऱ्या वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेने लागणारी बले. त्यांत मुख्य दोन : माध्यमाचा रोध आणि प्लावक बल, म्हणजे माध्यम वस्तूला वर ढकलते ते बल. ही बले नसतील, तर त्या पडण्याला मुक्त पतन म्हणतात व ते काटेकोर अर्थाने निर्वातातच घडते. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो-१५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. दोन्ही बरोबरच खाली टेकली.

जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडतात, हे शाळेत इतके घोटून घेतले जाते की त्यामागची निर्वाताची अट विसरूनच जाते. हवेत तसे होत नाही. आयझॅक न्यूटन यांनी १७१० मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये सुमारे ६७ मीटर उंचीवरून काचेचे पोकळ गोळे सोडवले. काहींत पारा भरलेला होता, काहींत नुसती हवा. पाऱ्याचे गोळे सुमारे ४ सेकंदांत खाली आले, हवेच्या गोळ्यांना ८ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागला. हवेचे गोळे पाऱ्याच्या गोळ्यांहून बरेच मोठे, तरी वजनाने हलके होते. अशा गोळ्याला रोध फार जाणवतो, कारण त्याला खाली ओढणारे वजनच कमी असते.

रोधाचे मर्म असे की तो वेगाबरोबर वाढतो. वस्तूला वाटेतली हवा बाजूला सारावी लागते. वेग दुप्पट झाला, की दर सेकंदाला दुप्पट हवा सारावी लागते आणि तीही दुप्पट वेगाने. म्हणून रोध चौपट होतो. शिवाय तो हवेची घनता, वस्तूचा समोरचा छेद आणि तिची ठेवण यांवर अवलंबून असतो. वजन मात्र तेवढेच राहते. त्यामुळे त्वरण कमी कमी होत जाते आणि विरोधी बले वजनाइतकी झाली, की वस्तू एकसमान वेगाने पडू लागते. हा तिचा अंत्य वेग.

पाऊस सुसह्य होतो तो यामुळेच. २ किमी. उंचीवरून निघालेला थेंब हवा नसती तर सेकंदाला जवळजवळ २०० मीटर वेगाने अंगावर आदळला असता. प्रत्यक्षात मोठ्या थेंबाचा वेगही सेकंदाला सुमारे ९ मीटरच भरतो. थेंब फार मोठा झाला, तर हवेच्या दाबाने खालून चपटा होतो आणि फुटतो. चित्रांत दिसणारा टोकदार थेंब आभाळात कुठेच नसतो.

अगदी बारीक कणांचे गणित वेगळे. तेथे हवा सारण्यापेक्षा तिची श्यानता, म्हणजे अंतर्गत घर्षण, महत्त्वाची ठरते आणि रोध वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतो. गोलाकार कणांसाठी हा नियम जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडला. ०.०२ मिमी. व्यासाचा मेघबिंदू सेकंदाला जेमतेम १ सेंमी. खाली सरकतो, वर चढणारा हवेचा हलका झोतही त्याला तोलून धरतो. रॉबर्ट मिलिकन यांनी इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजताना तेलाच्या थेंबांचा आकार अशाच संथ पतनावरून काढला होता.

अंत्य वेग ठरीव नसतो. हातपाय पसरून पोटावर पडणारा स्कायडायव्हर ताशी सुमारे २०० किमी. वेग गाठतो, डोके खाली केले, की तो वाढतो. हवाईछत्री उघडल्यावर रोध काही क्षण वजनाहून बराच जास्त होतो. चित्रफितीत माणूस वर खेचला गेल्यासारखा दिसतो खरा, पण तो फक्त मंदावलेला असतो. चित्रण करणारा त्याच्यापुढे खाली निघून जातो. फेलिक्स बाउमगार्टनर यांनी १४ ऑक्टोबर २०१२ रोजी सुमारे ३९ किमी. उंचीवरून उडी घेऊन विरळ हवेत ताशी १,३५७ किमी. वेग गाठला. पुढे हवा दाट होत गेली, तसा छत्री उघडण्याआधीच त्यांचा वेग उतरू लागला.

प्लावक बल वस्तूने बाजूला सारलेल्या माध्यमाच्या वजनाइतके असते. हवेत पडणाऱ्या दगडाच्या बाबतीत ते नगण्य, पाण्यात मात्र ठळक जाणवते. हेलियमचा फुगा तर त्यामुळे पडायचे सोडून वर चढतो.

माध्यमाशी संबंध नसलेला विरोधही असतो. तांब्याच्या जाड नळीतून सोडलेले प्रबळ चुंबक अगदी सावकाश उतरते. तांबे चुंबकाला चिकटत नाही. पण सरकत्या चुंबकामुळे नळीत विद्युत प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे चुंबकीय क्षेत्र त्या सरकण्यालाच अडवते.