डेकला कुठला गोंद लावायचा?

होडीच्या डेकवर चालताना एखाद्या जागी पाय किंचित दबल्यासारखा वाटला, तर हातोडीच्या दांड्याने तिथे हलकेच ठोकून पाहावं. धड जागी खणखणीत ‘टक्’ येतो, बिघडलेल्या जागी बसका ‘थप्’. फायबरग्लासचं डेक बहुधा एकसंध नसतं. वर-खाली दोन पातळ थर आणि मधे बाल्साचं लाकूड, प्लायवूड किंवा फोम असतो. कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपतं, लाकूड कुजतं आणि वरचा थर सुटतो.

अशा वेळी बहुतेकजण विचारतात, सगळ्यात मजबूत गोंद कुठला? मी आधी विचारेन, हा सांधा हलणार आहे का?

आतला गाभा बदलून वरचा थर पुन्हा बसवायचा असेल, तर सांधा हलता कामा नये. तिथे इपॉक्सीच, म्हणजे रेझिन हा चिकट द्रव आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर कालवून लावायचा गोंद. घट्ट होताना इपॉक्सी फारच थोडं आकसतं. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण बऱ्यापैकी आकसतं आणि जुन्या, पूर्ण सुकलेल्या थराला तितकंसं धरत नाही. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच घ्यावे लागतात, कारण दोघांचे रेणू एकमेकांत गुंफूनच ते घट्ट होतं. जास्तीच्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही; तो तसाच उरतो आणि सांधा कच्चा राहतो. ‘थोडा जास्त घातला की लवकर सुकेल’ या समजुतीने चांगली कामं वाया जातात. शिवाय या क्रियेत उष्णता निर्माण होते. खोल डब्यात बरंच मिश्रण ठेवलं, तर ते धूर येण्याइतकं तापू शकतं. पसरट भांड्यात थोडं थोडंच कालवावं.

डेकवर सागाच्या फळ्या बसवलेल्या असतील, तर त्यांच्यामधल्या फटींचं गणित वेगळं. लाकूड ओलाव्याने आडवं फुगतं, सुकलं की आकसतं. तिथे कडक इपॉक्सी भरलं तर ते कडेने सुटतं किंवा फळीच चिरते. त्या फटींना सीलंट, म्हणजे फट बुजवणारं लवचिक भरण हवं: पॉलिसल्फाइड किंवा डेकसाठी बनवलेलं पॉलियुरेथेन. जाणकार कारागीर फटीच्या तळाशी आधी एक बारीक फीत टाकतात, सीलंट तळाला चिकटू नये म्हणून. दोनच बाजूंनी धरलेलं सीलंट रबरासारखं ताणलं जातं. तळालाही चिकटलं तर त्याला ताणायला वाव उरत नाही आणि ते फाटतं. मला हा या कामातला सर्वांत सुंदर बारकावा वाटतो.

घरगुती सिलिकॉन मात्र डेकपासून लांबच ठेवा. त्याचा अदृश्य थर मागे राहतो आणि त्यावर पुढे रंगही बसत नाही, गोंदही नाही.

इपॉक्सी उन्हात खराब होतं, म्हणून वर रंग किंवा वॉर्निश हवंच. पण त्याआधी एक तपासणी करा. इपॉक्सी सुकताना वर मेणचट थर येऊ शकतो; तो पाण्याने घासून धुवा, मग सँडपेपर मारा आणि पृष्ठभागावर थोडं पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. थेंब थेंब गोळा झाले तर तेल किंवा मेण अजून तिथेच आहे, पुन्हा धुवा.